चाकामागचे दगड

१५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

आजपासून गाळप हंगाम सुरू, असं सरकारी पत्रक सांगतं. प्रत्यक्षात धुराड्यातून धूर निघायला आठवडा जाईल. वीस तारखेला मतदान आहे आणि बीडकडच्या टोळ्या मत टाकूनच गाव सोडतील. तरी मी स्टोअरला मागणी पाठवली: मानेच्या कॉलर, पायाचे स्प्लिंट, टाक्यांचा दोरा नेहमीच्या दुप्पट. फार्मासिस्ट हसला. "मॅडम, ऊस अजून शेतात उभा आहे." त्याची ही पहिलीच थंडी इथली.

आमचं ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं, कराडच्या खाली, पुणे–बंगळूर महामार्गापासून दोन किलोमीटर आत. एक्स-रे आहे. सीटी नाही, रक्त नाही. डोक्याला मार लागलेला माणूस आला की श्वास चालू ठेवायचा, रक्त थांबवायचं, मान हलू द्यायची नाही आणि कराडला नाहीतर कोल्हापूरला पाठवायचा. अकरा वर्षं हेच करते आहे.

दोनशे पानी वही आणली. पोलीस केसच्या सरकारी एमएलसी रजिस्टरात रकाने ठरलेले आहेत: नाव, वय, ओळखीची खूण, जखम साधी की गंभीर, हत्यार. हो, हत्यार. तिथे आम्ही "कठीण व बोथट वस्तू" असं लिहितो, आणि दहातल्या नऊ वेळा ती वस्तू म्हणजे रस्ता असतो. माझ्या वहीत मी वेगळे रकाने आखते. किती वाजता. नेमकं कुठे. कशावर आदळला. मागून की समोरून. आणि हेल्मेट कुठे होतं. "घातलं होतं का" असं विचारलं की नातेवाईक "होतं" म्हणतात, पोलीस आणि विमा दोन्ही डोळ्यांसमोर येतात ना. "कुठे होतं" म्हटलं की खरं निघतं: आरशाला, कोपरात, टाकीवर, घरी फ्रिजवर.

१७ नोव्हेंबर, रविवार

नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा रस्त्यावर गेलेल्यांच्या स्मरणाचा जागतिक दिवस. आमच्या तालुक्यात आज दोन प्रचारसभा होत्या आणि एका उमेदवाराची दुचाकी रॅली. दीडशे गाड्या तरी असतील. हेल्मेट मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

माझं स्वतःचं हेल्मेट ॲक्टिव्हाच्या डिक्कीत असतं. घर ते दवाखाना तीन किलोमीटर. हेही लिहून ठेवलेलं बरं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मतदानाची ड्युटी संपली. शांत दिवस होता, म्हणून केंद्राच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल घेऊन बसले. देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात, १ लाख ६८ हजार ४९१ मृत्यू. दिवसाला साडेचारशेच्या वर. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास, मृत्यू छत्तीस टक्के. मेलेल्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के, पायी चालणारे १९.५. म्हणजे शंभरातले चौसष्ट असे, की ज्यांच्याभोवती पत्र्याचं कवचसुद्धा नव्हतं. परदेशी पुस्तकांत अपघात म्हटला की मोटारीचं चित्र असतं. आपल्याकडे चप्पल असते. चप्पल एकीकडे, माणूस दुसरीकडे.

जखमींचा आकडा ४ लाख ४३ हजार. इथे मी थांबले. एका मृत्यूमागे तीनसुद्धा जखमी नाहीत? आमच्या ड्रेसिंग रूममध्ये दिवसभर बसून दाखवा म्हणावं. एक मरतो तेव्हा हात-पाय मोडलेले, टाके घातलेले, दात पडलेले कितीतरी आलेले असतात. पण त्यांतले निम्म्याहून अधिक म्हणतात, "केस नको, मॅडम. घरी पायरीवरून पडलो असं लिवा." लायसन नसतं, विमा संपलेला असतो, समोरचा भावकीतला असतो. असा माणूस देशाच्या आकडेवारीत जिन्यावरून पडतो.

३० नोव्हेंबर, शनिवार. अमावास्या

रात्रीचा दीड. झोप येत नाही.

सात चाळीसला दुधाचा टेम्पो दारात. मागच्या हौद्यात कॅनांच्या मधे दोन पोरं आडवी. बावीस आणि एकोणीस, सख्खे चुलतभाऊ, एमआयडीसीतून ओव्हरटाइम करून घरी चालले होते. कारखान्याच्या रस्त्याला ओढ्याच्या पुलाअलीकडे उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी. दोन ट्रॉल्या, जोडीनं. दिवा नाही, रेडियम असेल तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेलं. समोरून कुणाचा तरी हायबीम डोळ्यांवर आला आणि गाडी सरळ मागे घुसली.

मोठा आणतानाच संपलेला होता. त्याच्या जीन्सला मातीसुद्धा नव्हती. हातातलं घड्याळ चालू होतं. ट्रॉलीची मागची फळी दुचाकीवाल्याच्या छाती-तोंडाच्या उंचीला येते, म्हणून असं होतं: कमरेखाली माणूस जसाच्या तसा, आणि वर बघवत नाही. ट्रकला मागून आडवी दांडी असावी लागते, आत घुसू नये म्हणून. ट्रॉलीला ती मी अजून पाहिलेली नाही.

धाकट्याचा श्वास घुरघुरत होता. सिस्टरने सक्शन लावलं, मी जबडा पुढे ओढून धरला. चिमटा काढला तर हात ओढून घेत होता, एक बाहुली मोठी. आठ वाजून पाच मिनिटांनी १०८ रुग्णवाहिकेतून कराडला रवाना. सहापदरीकरणाच्या कामामुळे महामार्ग जागोजागी सर्व्हिस रोडवर उतरवलाय. चाळीस मिनिटांच्या रस्त्याला सव्वा तास लागला, असं ड्रायव्हरने परत येऊन सांगितलं. दर पाच मिनिटांनी तो मागे वळून पाहत होता म्हणे.

टेम्पोवाला जायला निघाला तशी मी नाव विचारलं. तो दचकला. मी भिंतीवरचा बोर्ड दाखवला: जखमीला आणणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. त्याने वाचला, आणि म्हणाला, "बोर्ड तुमचा हाय मॅडम, ठाणं तुमचं न्हाई." तरी टेम्पो धुवायला आमच्याकडनं पाण्याची बादली मागून घेतली. त्यातच त्याचं दूध नासलं असणार.

२ डिसेंबर, सोमवार

हवालदार जबाबाला आले होते. सोबत ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, वैद्यकीय तपासणीसाठी. तेवीसचा असेल. तोंडाला वास नाही, अंगावर खरचटलेलंही नाही. बाकावर चवड्यांवर बसून राहिला, खुर्चीत बसेना. "मी उभाच व्हतो मॅडम. मागं दगडं लावली व्हती, फांदी टाकली व्हती." पंक्चरवाला कोण बोलवणार, मालक फोन उचलेना, काट्यावर नंबर लागलेला. खेपेवर पैसे मिळतात, रात्रीत दोन खेपा झाल्या तर आगाऊ घेतलेली उचल फिटते. त्याच्या हिशेबात झोपेला रकाना नाही.

हवालदार माझ्या ओळखीचे, माणूस चांगला. म्हणाले, "मागून आला तो चुकला, असं साधं असतं बघा. पण ह्याच्यावरही रस्त्यात धोकादायक वाहन उभं केल्याचं कलम लावलंय." मी विचारलं, कारखान्यावर? वाहतूक ठेकेदारावर? तीस टन ऊस घेऊन बिनदिव्याचा सांगाडा अमावास्येला रस्त्यावर सोडणाऱ्यावर? ते हसले. चहा घेतला.

देशभरातसुद्धा मागून धडक हाच सगळ्यांत मोठा प्रकार आहे, अपघातांतला पाचवा हिस्सा. वाचताना वाटतं मागचाच वेडा.

५ डिसेंबर, गुरुवार

बाई, वय ४८. नवऱ्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर नातवंडाचं बारशाचं सामान. गावच्या गतिरोधकावर गाडी उडाली, ती मागच्या मागे पडली. डोक्याचा मागचा भाग. वेग विचारला तर नवरा म्हणाला तीस. खरंच सांगत असावा.

हा प्रकार माझ्या वहीत इतक्यांदा येतो की मी त्याला एक खूणच केलीय, पदराची. बाया चालवत नाहीत, बसतात. धरायला एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसरा पोरावर नाहीतर पिशवीवर. नियमाप्रमाणे गाडीला मागच्या माणसासाठी धरायची दांडी, पाय ठेवायची पट्टी आणि चाकाला साडीची जाळी लागते. जाळी दिसायला बरी नाही म्हणून पोरं काढून टाकतात. मग पदर, ओढणी, एकदा तर लग्नातला शेला.

आणि तो गतिरोधक. तीन वर्षांपूर्वी तिथे शाळेतलं पोर गेलं, गावाने त्या रात्री रस्ता अडवला, सकाळी डांबराचा डोंगर टाकून मोकळे झाले. मानकाप्रमाणे गतिरोधक सुमारे पावणेचार मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे गाडी लाटेसारखी वर जाऊन खाली येते. आमचा दीड फूट रुंद, उंची टाचेपासून पोटरीपर्यंत. पांढरा पट्टा नाही. पोरांसाठी केलेला, बायका पाडतो. पण काढा म्हणायला मी त्या पोराच्या आईसमोर जाऊ शकत नाही.

बाईंना उलट्या सुरू झाल्या, पुढे पाठवलं. बारशाची पिशवी बाकाखाली राहिली.

१० डिसेंबर, मंगळवार

काल रात्री कुर्ल्यात बेस्टची बस गर्दीत घुसली. सात गेले, जखमी चाळीसच्या वर. दिवसभर वॉर्डातल्या टीव्हीवर तेच फुटेज. ड्रायव्हरला मोठी इलेक्ट्रिक बस चालवायचा सराव किती दिवसांचा होता, याची चर्चा. निदान चर्चा तरी झाली. ओढ्याच्या पुलावरच्या पोराची बातमी चार ओळींची होती, नाव चुकलेलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काल लोकसभेत रस्तेवाहतूक मंत्री गडकरी म्हणाले की आंतरराष्ट्रीय परिषदेत अपघातांचा विषय निघाला की आपण तोंड लपवतो. वर्षाला १.७८ लाख मृत्यू, असं त्यांनीच सांगितलं. अपघात निम्म्यावर आणायचं ठरवलं होतं, उलट वाढले, हेही. मंत्र्याने एवढं कबूल करणं मला आवडलं. स्वतः ते जायबंदी होऊन अंथरुणावर पडलेले होते कधीकाळी, त्याचा गुण असेल.

पण अहवालातलं ते वाक्य मनातून जात नाही: एकाहत्तर टक्के मृत्यूंचं कारण अतिवेग. वेगाने माणसं मरतात यात वाद नाही. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते, हे जागतिक आरोग्य संघटनेचं गणित मी शाळांतून सांगत फिरले आहे. पण आमच्या ठाण्यात वेग मोजला कुणी? पंचनामा दुसऱ्या दिवशी होतो. हवालदारांनी मागे एकदा सरळ सांगितलं होतं: फॉर्ममध्ये कारण लिहावंच लागतं, आणि "भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने" हे तीन शब्द हाताला बसलेले आहेत. त्यात चूक नेहमी एका माणसाची, तीही चालवणाऱ्याची. नसलेला दिवा, नसलेली दांडी, दुभाजक फोडून हॉटेलवाल्याने केलेली वाट, यांना हयगय करता येत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

रात्री पावणेनऊ. तोच रस्ता, पुलापासून कारखान्याकडे सातशे-आठशे मीटर पुढे. एकटा मुलगा, २६, कुरिअरचं काम. आणला तेव्हा नाडी लागत नव्हती. पंधरा-वीस मिनिटं छाती दाबत होतो, वॉर्डमामा आणि मी आळीपाळीने. नाही.

कशावर आदळला, या रकान्यात काय लिहायचं कळेना. पोटाला हँडलचा मार, पडून खांबावर डोकं. दुसरी गाडी कुणी पाहिली नाही. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टा लावलेला नव्हता. ते शेतात सापडलं.

मामा त्याच रस्त्याने सायकलवर येतात. हात धुताना म्हणाले, "दगडं व्हती तितं. सांजच्याला येताना बघितली मी. ट्रॉलीवाल्यानं चाकाला लावलेली. चाक बदलून गेला, दगडं तशीच." थोडं थांबून, "मी काढाय पायजे व्हती."

मी काही बोलले नाही. मामा पुढच्या जूनमध्ये रिटायर होतील. गुडघे गेलेत त्यांचे.

२१ डिसेंबर, शनिवार

कुरिअरवाल्या मुलाचे वडील शवविच्छेदनाचा अहवाल न्यायला आले. हातात एफआयआरची प्रत. एसटीत कंडक्टर होते, कागद वाचायची सवय आहे. आरोपीच्या नावापुढे बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे नाव माझ्या मुलाचं आहे."

होतंच. स्वतःच्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत. आरोपी मयत म्हणून प्रकरण आपोआप मिटेल. असं सर्रास होतं, मी कितीतरी पाहिले. दुसरी गाडी नाही म्हणजे दुसऱ्याचा विमा नाही, न्यायाधिकरणापुढे दावा लावायला समोर कुणी नाही. राहतो तो गाडीच्या पॉलिसीतला चालक-मालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तोही पॉलिसी चालू असेल आणि गाडी मुलाच्या नावावर असेल तर. गाडी काकांच्या नावावर होती.

मी त्यांना दगडांचं सांगितलं. सांगू की नको, असं रात्रभर वाटत होतं. मामांना बोलावलं, त्यांनी जागा सांगितली. तिघं जण गेलो. पंचनामा होऊन गेलेला. दगड रस्त्याच्या कडेला सरकलेले, एकावर डिझेलचा डाग. वडिलांनी मोबाइलवर फोटो काढले, बरेच काढले, एकाच दगडाचे चारी बाजूंनी. मग मला म्हणाले, "ह्यावर कुणाचं नाव नाही ना."

२४ डिसेंबर, मंगळवार

परवा मध्यरात्री पुण्यात वाघोलीला फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. तीन मेले, त्यांत दोन लहान मुलं. अमरावतीकडून कामाला आलेली माणसं. पादचारी म्हणून नोंद होईल बहुधा. झोपलेल्या माणसाला पादचारी म्हणायचं.

१ जानेवारी २०२५, बुधवार

३१ची रात्र सिस्टर, मी, दोन इंटर्न, सगळे तयारीत. महामार्गावर नाकाबंदी, पोलीस फुंकर मारायला लावत होते. रात्रभरात दोन टाके आणि एक पोट बिघडलेला. दरवर्षी असंच होतं आणि दरवर्षी नवे डॉक्टर चकित होतात. माझ्या वहीत मरणं संध्याकाळी सहा ते नऊला येतात, साध्या वारी, कामावरून घरी जाताना, पाऊस नसताना, सरळ रस्त्यावर. राष्ट्रीय अहवालातही तेच: सहा ते नऊ ही सगळ्यांत वाईट वेळ. वर्तमानपत्रांना मात्र घाट, धुकं आणि दारू लागते.

दुपारी कराडहून फोन. धाकटा चुलतभाऊ आज पहाटे गेला. व्हेंटिलेटरवरून मध्ये उतरला होता, आईला ओळखत होता, मग छातीत जंतू झाले.

बत्तीस दिवस. मोजले, कारण मोजावं लागतं. अपघातानंतर तीस दिवसांत मेला तरच तो आकडेवारीच्या व्याख्येत रस्ते-अपघातातला मृत्यू. गुन्ह्यात हवालदार नाव वाढवतील कदाचित. देशाच्या तक्त्यात मात्र ३० नोव्हेंबरच्या त्या ओळीत मृत एक, जखमी एक, असंच राहील.

वहीत मी खाडाखोड करत नाही. शेजारी लिहिलं.

९ जानेवारी, गुरुवार

रस्ता सुरक्षा महिना सुरू आहे. शाळेच्या पोरांनी चौकात हेल्मेट न घालणाऱ्यांना गुलाब दिले. एकाने तो आरशाला खोचला, जिथे हेल्मेट अडकवतात तिथे.

परवा गडकरींनी जाहीर केलं: अपघातग्रस्ताला सात दिवस, दीड लाखांपर्यंत रोकडविरहित उपचार. काल सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला बजावलं, गोल्डन अवरच्या उपचारांची योजना १४ मार्चपर्यंत करा. दोन्ही बातम्या मी नोटीस बोर्डावर लावल्या. पैशाअभावी दारातून परत गेलेले मी पाहिले आहेत, तेव्हा योजनेला नावं ठेवणार नाही. पण ओढ्याच्या पुलावरच्या मुलाच्या पहिल्या तासातली चाळीस मिनिटं दुधाच्या टेम्पोत आणि आमच्या टेबलावर गेली, उरलेला तास महामार्गाच्या वळशात. त्याला तिथे पैसे नको होते, सीटी आणि न्यूरोसर्जन हवा होता.

दुपारी कारखान्याच्या शेती खात्यातला माणूस आला, मीच बोलावला होता. रेडियमच्या पट्ट्या दर हंगामात वाटतात म्हणाला, तेही खरं. मी विचारलं, लावतात कुठे? ट्रॉलीच्या फळीला. आणि ऊस भरल्यावर फळी दिसते का? तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "वाढी खाली येत्यात." उसाच्या शेवटच्या मोळीला बांधता येईल असं रेडियमचं कापड हवं, आणि काट्यावर वजन करतानाच बघायचं: कापड नाही तर ट्रॉली आत नाही. तो म्हणाला, वर बोलतो.

१८ जानेवारी, शनिवार

काल सकाळी नारायणगावजवळ पुणे-नाशिक महामार्गावर प्रवासी गाडीला मागून टेम्पोने उडवलं, ती पुढच्या उभ्या बसवर आदळली. नऊ जण गेले. असल्या गाड्यांना आमच्याकडे वडाप म्हणतात. एसटीच्या फेऱ्या कमी झाल्या त्या रस्त्यांवर वडाप वाढलं, यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे ट्रॉली उलटली, कॅनॉलच्या वळणाला. उसावर टोळीतली सात माणसं बसलेली, फडावरून राहायच्या कोप्यांकडे परतणारी. एक बाई, ३०, मांडीचं हाड मोडलेलं, वर ऊस. तिची मुलगी सहा वर्षांची, खरचटलंसुद्धा नाही. आईच्या हातातला कोयता तिने धरून ठेवला होता आणि सिस्टरला द्यायला तयार नव्हती.

स्प्लिंट लावताना बाई ओरडली नाही. तिने विचारलं, किती दिवस. मी म्हटलं, रॉड टाकतील, तीन-चार महिने जड काम नाही. "मंग उचल कशी फिटायची?" कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, असा हिशेब. अर्धा कोयता मोडला.

कागदावर तिचा पत्ता लिहिताना जिल्हा बीड आला आणि गोपीनाथ मुंडे आठवले. ऊसतोड्यांचे पुढारी, मंत्री होऊन आठवडा झाला होता. ३ जून २०१४ला दिल्लीत, सकाळी, गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले असताना अपघातात गेले. त्यांच्या नावाचं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे आता. मुकादमाला मी त्या महामंडळाबद्दल विचारलं. त्याने नाव ऐकलं होतं, आदराने मान हलवली, आणि ट्रॅक्टर सरळ करायला क्रेन कुठे मिळेल ते मला विचारलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कारखान्याने काल शेवटची मोळी टाकली. यंदा ऊस कमी, हंगाम लवकर आटोपला. काट्यावरच्या कापडाचं काही झालं नाही. शेतीवाला माणूस भेटला की लांबूनच नमस्कार करतो.

मामांनी मात्र स्वतःच्या पैशाने लाल रेडियमची गुंडाळी आणली होती. ओढ्याच्या पुलाजवळच्या बाभळीला, दोन्ही बाजूंनी, छातीच्या उंचीवर गुंडाळली. रस्त्याच्या कामातल्या माणसाने विचारलं तर सांगितलं, दवाखान्याचं आहे.

रात्री त्यांचे गुडघे फार दुखत होते म्हणून सायकल दवाखान्यातच ठेवली आणि मी ॲक्टिव्हावरून सोडायला गेले. हेल्मेट घातलं होतं. मागच्या माणसासाठी दुसरं नव्हतं. कुरिअरवाल्या मुलाच्या जागेच्या थोडं अलीकडे दिव्यात दगड दिसले. रांगेत, चाकाच्या अंतरावर, मध्ये वाळलेली फांदी. गाडी बाजूला घेतली. मामांनी मोबाइलचा टॉर्च धरला, मी उचलत गेले. ट्रॉलीखालचे दगड लहान नसतात. शेवटचे दोन आम्ही लोटत नेऊन चरीत टाकले. अकरा.

घरी आल्यावर वहीत वेळ आणि जागा लिहिली, आणि अकरा.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ड्युटीवर येताना त्या जागी गाडी हळू केली. हंगाम संपला तरी कुणाची तरी परतीची ट्रॉली रात्री तिथे थांबली असणार. चार होते. ताजे, खाली ओल असलेले.

मागून ट्रक हॉर्न देत होता. त्याला हाताने थांबवलं आणि उतरले.